दवाखान्यात बीपी नॉर्मल, रात्री मात्र चढलेलं: किडनीचा आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नऊ वर्षांचा, उंची १२२ सेंटिमीटर. जन्मापासून लघवीच्या मार्गात पडदा होता, म्हणजे पोस्टिरिअर युरेथ्रल व्हॉल्व्ह. तो तान्हेपणीच दुर्बिणीतून काढला. आता क्रिएटिनिन १.१ आहे. दवाखान्यात दर वेळी बीपी १०२/६४ च्या आसपास भरतं, तरीही डॉक्टरांनी चोवीस तासांचं बीपीचं मशीन लावायला सांगितलं. रिपोर्टमध्ये दिवसाची सरासरी ११४/७२, रात्रीची ११२/६९ आणि खाली 'नॉन-डिपर' असा शेरा. आईला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. मशीनमुळे झोप मोडली म्हणून असं आलं असेल का? यामुळे किडनी लवकर खराब होईल का? आणि गोळी सकाळऐवजी रात्री द्यायची का? घरात आजींचं म्हणणं आहे की एवढ्याशा पोराला बीपी कसलं, आणि गोळी सुरू केली की ती जन्माची लागते.

ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं नंतर. तुमच्या डॉक्टरांनी मशीन लावायला सांगितलं ते अगदी योग्य केलं. रात्रीचा ११२/६९ हा आकडा या मुलासाठी जास्त आहे आणि त्यावर उपचार करायला हवा. 'नॉन-डिपर' या शब्दाने मात्र घाबरून जाऊ नका. रात्री बीपी पुरेसं उतरलं नाही एवढाच त्याचा अर्थ. त्या शब्दापेक्षा रात्रीचा प्रत्यक्ष आकडा आणि चोवीस तासांची सरासरी महत्त्वाची. गोळीची वेळ हा तिसऱ्या क्रमांकाचा मुद्दा आहे. तिचा असर चोवीस तास पुरतो की नाही हे आधी बघायचं.

आता क्रिएटिनिनपासून सुरुवात करू, कारण आजींचं समाधान तिथूनच होईल. लॅबच्या रिपोर्टवर क्रिएटिनिनच्या बाजूला जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसांची असते. १.१ हा आकडा तिच्यात आरामात बसतो आणि घरच्यांना वाटतं, किडनी ठीक आहे. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा कचरा; किडनी मंदावली की रक्तात ते वाढतं. ते स्नायूंमधून तयार होतं, आणि नऊ वर्षांच्या मुलाचे स्नायू ते किती असणार! म्हणून मुलांमध्ये आम्ही उंची धरून हिशेब करतो. उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, ०.४१३ ने गुणायची आणि क्रिएटिनिनने भागायची. १२२ गुणिले ०.४१३ भागिले १.१, म्हणजे साधारण ४६. निरोगी मुलात हा आकडा ९० च्या वर असतो. म्हणजे तुमच्या मुलाची किडनी साधारण निम्म्या ताकदीवर चालली आहे, आजाराचा तिसरा टप्पा. अशा मुलांमध्ये बीपी वाढणं नेहमीचं आहे. किडनीचा आजार असलेल्या मुलाला बीपी वयामुळे होत नाही, किडनीमुळे होतं. 'एवढ्याशा पोराला कसलं बीपी' याचं उत्तर हे.

मग दवाखान्यात ते दिसत का नाही? १०२/६४ हा आकडा नऊ वर्षांच्या मुलांच्या तक्त्यात नॉर्मलच आहे. मध्यरेषेच्या थोडा वर, पण नॉर्मल. अडचण अशी की तो एका मिनिटाचा आकडा आहे. मूल खुर्चीवर बसलेलं, सकाळी दहा-अकराची वेळ, बहुधा गोळीचा असर भरात असतानाची. रात्रीच्या आठ-नऊ तासांबद्दल तो काहीच सांगत नाही.

अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून २००५ पासून किडनीचा आजार असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. 'सीकिड' (CKiD) नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात चोवीस तासांचं मशीन लावल्यावर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांमध्ये असं दिसलं, की दवाखान्यात बीपी ठीक पण बाहेर वाढलेलं. याला मास्क्ड हायपरटेन्शन म्हणतात, आपण लपलेलं बीपी म्हणू. या लपलेल्या बीपीचा हृदयावर परिणाम होतो का, हेही त्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून पाहिलं. दोन्हीकडे बीपी नॉर्मल असलेल्या मुलांपैकी ८ टक्क्यांच्या हृदयाची डावी भिंत जाड झालेली होती. लपलेलं बीपी असलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं, आणि दवाखान्यात व बाहेर दोन्हीकडे वाढलेलं असलेल्यांत ३४ टक्के. म्हणजे दवाखान्यातला आकडा कितीही चांगला असला तरी हृदयाला खरा दाब कळतोच. म्हणूनच किडनीचा आजार असलेल्या आणि आधी कधी बीपी वाढलेल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी हे मशीन लावावं, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं. किडनीच्या आजारासाठी जगभर मानल्या जाणाऱ्या केडिगोच्या २०२१ च्या सूचनाही याच मशीनवर भर देतात.

आता 'डिपिंग' म्हणजे काय ते. निरोगी माणूस झोपला की शरीर सैलावतं, ताण वाढवणाऱ्या नसांची धावपळ थांबते, नाडी मंदावते आणि बीपी खाली येतं. दिवसाच्या सरासरीच्या मानाने रात्रीची सरासरी १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरली तर तो 'डिपर', कमी उतरली तर 'नॉन-डिपर'. ही विभागणी आयर्लंडमधल्या इओन ओब्रायन यांच्या गटाने १९८८ मध्ये मांडली, मोठ्या माणसांसाठी. तुमच्या मुलाचा हिशेब करू. दिवसा वरचा आकडा ११४, रात्री ११२. दोनचा फरक, म्हणजे पावणेदोन टक्के. खालचा ७२ वरून ६९, म्हणजे चार टक्क्यांच्या जरा वर. दोन्ही १० च्या कितीतरी आत आहेत. शेरा बरोबरच आहे.

किडनी बिघडली की रात्रीचा उतार का नाहीसा होतो? याला एकच कारण नाही. सगळ्यात मोठा वाटा मिठाचा. किडनीचं एक मुख्य काम म्हणजे खाण्यातून आलेलं जास्तीचं सोडियम लघवीवाटे बाहेर टाकणं. किडनीचे कार्यरत भाग कमी झाले की दिवसभरात ते पुरतं साधत नाही. उरलेलं सोडियम बाहेर ढकलायला जास्त दाब लागतो, आणि शरीर तो दाब रात्रीही खाली येऊ देत नाही. दिवसाचं अर्धवट राहिलेलं काम रात्रपाळीवर ढकलावं तसं. यामुळेच अशा अनेक मुलांना रात्री लघवीही जास्त होते. दुसरं कारण, आजारी किडनीतून मेंदूकडे जाणारे संदेश ताण वाढवणाऱ्या नसांना सतत जागं ठेवतात, त्यामुळे झोपेतही रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात. तिसरं, रेनिन-अँजिओटेन्सिन ही यंत्रणा. किडनीवर व्रण असले, मग ते लघवी उलट चढल्यामुळे असोत किंवा वारंवारच्या इन्फेक्शनमुळे, तर त्या व्रणांभोवतालचा भाग रेनिन जास्त सोडतो आणि दाब चढतो. व्हॉल्व्हच्या मुलांमध्ये हे तिन्ही असू शकतात, आणि वर रात्री तुडुंब भरणाऱ्या मूत्राशयाची भर. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलाच्या बाबतीत मला तो मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

या दाबाने किडनीचं काय होतं? निरोगी किडनीत प्रत्येक गाळणीच्या तोंडाशी एक बारीक रक्तवाहिनी असते. बाहेर दाब वाढला की ती आकसते आणि आतल्या नाजूक गाळणीला झळ पोहोचू देत नाही. किडनी बिघडलेली असेल तर हे आकसणं नीट होत नाही. शरीरातला दाब थेट गाळणीवर आदळतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, गाळणी हळूहळू निकामी होते आणि उरलेल्या गाळण्यांवरचा भार आणखी वाढतो. हे चक्र रात्री आठ तास थांबतच नसेल, तर वर्षाकाठी त्याचा किती हिशेब होतो हे लक्षात येईल.

रात्रीचं बीपी आधी बिघडतं आणि किडनी नंतर, याचा एक स्पष्ट पुरावा मधुमेही मुलांमधून मिळाला. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या एम्पार लुर्बे आणि सहकाऱ्यांनी टाइप वन मधुमेहाच्या ७५ किशोरवयीन आणि तरुण रुग्णांचा काही वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणाच्याही लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात नव्हतं. पुढे ज्यांच्या लघवीत ते दिसू लागलं, त्यांचं झोपेतलं वरचं बीपी त्याआधीच वाढलेलं होतं. ज्यांचा रात्रीचा उतार नीट होता त्यांना हा धोका बराच कमी होता. हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तुमच्या मुलाचा आजार वेगळा आहे, त्यामुळे तो अभ्यास त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण रात्रीचा दाब किडनीच्या बिघाडाचा नुसता परिणाम असतो असं नाही, तो पुढच्या बिघाडाची पूर्वसूचनाही असू शकतो, एवढं त्यातून नक्की घ्यावं.

उपचाराने फरक पडतो का? पडतो, आणि याचा भक्कम पुरावा मुलांमधलाच आहे. युरोपातल्या ३३ बालकिडनी केंद्रांनी मिळून 'एस्केप' नावाची चाचणी केली. ३ ते १८ वर्षांची, किडनीची ताकद १५ ते ८० च्या दरम्यान असलेली ३८५ मुलं. सगळ्यांना रामिप्रिल दिलं. एका गटात चोवीस तासांचं सरासरी बीपी त्या उंचीच्या मुलांच्या मध्यरेषेखाली, म्हणजे ५० व्या पर्सेंटाइलच्या (शंभर मुलं बीपीच्या चढत्या क्रमाने लावली तर पन्नासाव्याच्या) आत आणलं. दुसऱ्या गटात ते नेहमीसारखं ५० ते ९५ च्या दरम्यान ठेवलं. पाच वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या गटातल्या ४१.७ टक्के मुलांच्या किडनीची ताकद निम्म्याने कमी झाली होती किंवा किडनी शेवटच्या टप्प्याला पोचली होती. कडक नियंत्रणाच्या गटात हे प्रमाण २९.९ टक्के होतं. २००९ मध्ये हे निष्कर्ष आले आणि आमच्या शाखेचं उद्दिष्टच बदललं. केडिगोची आजची शिफारस तीच आहे: मशीनवरची चोवीस तासांची सरासरी ५० व्या पर्सेंटाइलला किंवा त्याखाली. जिथे मशीन मिळत नाही तिथे स्टेथोस्कोप लावून हाताने मोजलेलं वरचं बीपी ५० ते ७५ पर्सेंटाइलमध्ये ठेवायचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एस्केपमध्ये लक्ष्य होतं चोवीस तासांची सरासरी. 'नॉन-डिपर'ला 'डिपर' केल्याने मुलाची किडनी वाचते असं कुठल्याही चाचणीने सिद्ध केलेलं नाही. शिवाय हा शेरा फार चंचल आहे. त्याच मुलाला महिन्याभराने पुन्हा मशीन लावलं तर नॉन-डिपरचा डिपर झालेला अनेकदा दिसतो. उलटही होतं: दिवसाचं बीपीच खूप चढलेलं असेल तर रात्री १० टक्के उतरूनसुद्धा आकडा जास्तच राहतो, आणि रिपोर्ट मात्र 'डिपर' म्हणून दिलासा देतो. म्हणून मी टक्केवारी बघतो, पण निर्णय रात्रीच्या सरासरीवर आणि चोवीस तासांच्या सरासरीवर घेतो.

तुमच्या मुलाचे आकडे त्या नजरेने पाहू. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२२ च्या निकषांप्रमाणे १३ वर्षांवरच्या मुलांमध्ये झोपेतली सरासरी ११०/६५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती वाढलेली धरतात. लहान मुलांसाठी उंचीनुसार तक्ते आहेत, पण १३ वर्षांवरच्यांना लावलेली ही रेषा त्यांनाही ओलांडायची परवानगी नाही. नऊ वर्षांच्या मुलाचं ११२/६९ ती रेषा वर आणि खाली, दोन्हीकडे ओलांडतं. आता चोवीस तासांचं लक्ष्य. ते 'मीन' प्रेशरवर ठरतं. खालच्या आकड्यात वरच्या-खालच्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवला की मीन येतं. दिवसाचं ८६, रात्रीचं ८३. या उंचीच्या मुलांची मध्यरेषा ८० च्याही आत आहे. म्हणजे हा मुलगा लक्ष्याच्या बराच वर आहे, आणि 'नॉन-डिपर' हा शब्द रिपोर्टवर नसता तरी माझं उत्तर हेच असतं.

दिवसाची सरासरी दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा जास्त आली म्हणून गोंधळू नका. मुलं दिवसभर पळतात, खेळतात, भांडतात. मशीनवरचं दिवसाचं बीपी बसून घेतलेल्या बीपीपेक्षा जास्त येणं स्वाभाविक आहे, म्हणून त्याचे तक्तेही वेगळे असतात. जे तक्ते जगभर आणि आपल्याकडेही वापरले जातात ते मध्य युरोपातल्या मुलांवरून केलेले आहेत, आणि ते १२० सेंटिमीटर उंचीपासून सुरू होतात. किडनीच्या आजारात मुलांची उंची खुंटते, त्यामुळे आठ-नऊ वर्षांचं मूलही कधी त्या तक्त्यात बसत नाही. तुमचा मुलगा जेमतेम बसतो. अशा मुलाचा रिपोर्ट मशीनच्या सॉफ्टवेअरने छापलेल्या निष्कर्षावर सोडू नये. पुष्कळ मशीनमध्ये मोठ्यांचे निकष भरलेले असतात आणि रिपोर्टच्या खाली चक्क 'नॉर्मल' छापून येतं. मुलांच्या किडनीतज्ज्ञाने तक्ता हातात घेऊन तो वाचायला हवा.

आता झोपमोडीचा प्रश्न. तुमची शंका अगदी रास्त आहे. पट्टा दर वीस-तीस मिनिटांनी फुगतो, काही मुलं दचकून उठतात, आणि जागेपणी घेतलेलं रीडिंग झोपेचं म्हणून मोजलं जातं. हे घडलं का, ते कसं ओळखायचं? एक, रात्रीची किती रीडिंग नीट आली ते बघा. तासाला किमान एक तरी हवंच, झोपेतसुद्धा. दोन, रिपोर्टमध्ये झोपेची वेळ काय धरली आहे? मशीन आपोआप रात्री दहा ते सहा धरतं आणि आपली मुलं साडेअकराला झोपतात. मग दीड तासाचा टीव्ही आणि गप्पा झोपेत गणल्या जातात आणि नॉन-डिपिंग उगाचच तयार होतं. त्या दिवशी तुम्ही नोंद ठेवली असेल तर ती डॉक्टरांना द्या आणि त्याच वेळा घालून सरासरी पुन्हा काढायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे. तीन, रात्रीच्या सगळ्या रीडिंगचा आलेख बघा. दोन-चार उंच टोकं आणि बाकी सगळं खाली असेल तर झोपमोडीचा संशय घ्यावा. पहाटे दोन-तीनलासुद्धा, नाडी मंद असताना, आकडे ११० च्या आसपासच असतील तर ते खरं बीपी आहे. नाडीचा आकडा प्रत्येक रीडिंगशेजारी छापलेला असतो, त्याकडे कुणी बघत नाही, पण मूल झोपेत होतं की जागं ते तो बऱ्यापैकी सांगतो.

एवढं करूनही शंका राहिली तर पुन्हा मशीन लावावं. पण तोवर उपचार थांबवून ठेवावेत असं मला वाटत नाही, कारण तुमच्या मुलाची चोवीस तासांची सरासरीही लक्ष्याच्या वर आहे.

मशीन पुन्हा लावाल तेव्हा पट्ट्याच्या मापाचा आग्रह धरा. आपल्याकडे हे मशीन बहुतेक वेळा मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे असतं आणि पट्टाही मोठ्यांचा. आतल्या फुगणाऱ्या पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के असावी आणि लांबीने ती घेराचा ८० ते १०० टक्के भाग वेढावा. पट्टा लहान पडला तर बीपी खोटं जास्त येतं, मोठा झाला तर खोटं कमी. मूल ज्या हाताने लिहितं तो हात सोडून दुसऱ्या हाताला बांधावा. शाळेचा साधा दिवस निवडा; तापाचा, लग्नाचा किंवा क्रिकेट सामन्याचा नको. पट्टा फुगताना हात सैल सोडायचा, हे मुलाला खेळासारखं शिकवा. झोपण्याची, उठण्याची, दुपारच्या डुलकीची आणि गोळीची वेळ कागदावर लिहा. आंघोळ मशीन लावण्याआधीच उरकून घ्या.

घरचं साधं डिजिटल मशीन घेऊन मध्यरात्री मुलाला उठवून बीपी मोजू नका. ते झोपेचं बीपी नसतं, मूल घाबरतं आणि तुम्हीही रात्र जागून काढता. घरचं मशीन दिवसा वापरायला उत्तम आहे, फक्त पट्टा मुलाचा हवा आणि दवाखान्यातल्या मशीनशी एकदा ताडून घेतलेलं हवं.

औषधांकडे येऊ. अशा मुलांत पहिली पसंती रामिप्रिल किंवा एनालाप्रिल या गटाला, ते सोसत नसेल तर लोसार्टनसारख्या औषधाला. ही बीपी तर उतरवतातच, शिवाय गाळणीच्या आतला दाब कमी करतात आणि लघवीतून जाणारी प्रथिनं घटवतात. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायलाच हवं. क्रिएटिनिन थोडं वाढतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही चालवून घेतो, कारण ती गाळणीवरचा दाब उतरल्याची खूण असते. त्यापुढे गेलं किंवा पोटॅशियम चढलं तर डोस बदलावा लागतो. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, मूल काही पीत नाहीये, तर त्या दिवशी ही गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. शरीर कोरडं असताना हे औषध किडनीला झटका देऊ शकतं. व्हॉल्व्हच्या मुलांची लघवी पातळ आणि भरपूर असते, त्यामुळे ती इतर मुलांपेक्षा फार लवकर कोरडी पडतात. उन्हाळ्यात हे विशेष लक्षात ठेवा. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल द्या. बाजारात आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली सिरप सर्रास मिळतात, म्हणून बाटलीवरची नावं वाचा. आयबुप्रोफेन या मुलांना नको. सर्दीच्या पुष्कळ सिरपमध्ये फिनाइलएफ्रिन असतं, तेही बीपी चढवतं.

गोळी रात्री द्यावी का? स्पेनमधल्या हायजिया या अभ्यासाने २०१९ मध्ये दावा केला की झोपताना गोळी घेतली तर हृदयविकार खूपच कमी होतो. त्यावर बरेच आक्षेप आले. मग ब्रिटनमध्ये 'टाइम' नावाची २१,१०४ जणांची चाचणी झाली, २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले: सकाळी घ्या की संध्याकाळी, हृदयविकार आणि पक्षाघाताच्या दृष्टीने फरक नाही. दोन्ही अभ्यास मोठ्या माणसांचे. मुलांच्या किडनीबाबत असा निवाडा करणारी चाचणी नाही. म्हणून मी व्यवहार बघतो. एनालाप्रिल सकाळी एकदाच दिलं जात असेल तर पहाटेपर्यंत त्याचा असर ओसरण्याची शक्यता असते. अशा वेळी तोच डोस सकाळ-संध्याकाळ विभागून देणं किंवा लांब टिकणारं औषध निवडणं मला पटतं. एकच गोळी असेल आणि रात्रीचाच आकडा चढलेला असेल तर ती संध्याकाळी द्यायला माझी हरकत नसते, विशेषतः त्या वेळी घरात कुणीतरी हमखास असतं म्हणून विसर पडणार नसेल तर. मात्र लघवी वाढवणारी गोळी कधीही रात्री देऊ नका, मूल आणि तुम्ही दोघंही झोपणार नाही. हे बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

मीठ. इथे मी थोडा थांबतो, कारण सरसकट सल्ल्याने नुकसान होतं. बीपी आहे म्हटलं की घरात सगळं अळणी सुरू होतं. किडनीच्या बहुतेक आजारांत मीठ कमी करणं योग्यच आहे आणि रात्रीच्या बीपीवर त्याचा परिणाम दिवसाच्या बीपीपेक्षाही ठळक असतो. पण व्हॉल्व्हच्या आणि जन्मतः कच्ची राहिलेली किडनी असलेल्या काही मुलांची किडनी सोडियम धरून ठेवू शकत नाही, ते लघवीतून वाहून जातं. अशा मुलाचं मीठ तोडलं तर वाढ खुंटते, थकवा येतो, शरीर कोरडं पडतं. तुमच्या मुलाचं बीपी वाढलेलं आहे, म्हणजे तो मीठ गमावणाऱ्यांपैकी असण्याची शक्यता कमी, पण गृहीत धरू नका. रक्तातलं आणि लघवीतलं सोडियम बघून डॉक्टरांनाच ठरवू द्या. त्यांनी कमी करा म्हटलं तर भाजीतली चिमूट मोजत बसण्याआधी पापड, लोणचं, ठेचा, फरसाण, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, खारी, बेकरीचे पदार्थ आणि खारवलेली सुकी मासळी बंद करा. मुलांचं जास्तीचं मीठ बहुतेक इथूनच येतं. सैंधवही मीठच आहे, उपासाचं म्हणून ते सौम्य होत नाही. आणि 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ तर घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनी अर्धी चालत असताना, त्यात रामिप्रिल सुरू असताना, ते हृदयाची लय बिघडवण्याइतकं पोटॅशियम चढवू शकतं.

आता मूत्राशय. व्हॉल्व्ह काढला म्हणजे प्रश्न संपला असं पालकांना वाटतं, पण आईच्या पोटात असल्यापासून अडथळ्याविरुद्ध जोर लावलेलं मूत्राशय जाड आणि ताठर राहतं. किडनी लघवी पातळ आणि भरपूर करते, रात्री कुणी उठवत नाही, मूत्राशय तुडुंब भरतं आणि दाब उलटा किडनीपर्यंत चढतो. झोपही मोडते. तुमचा मुलगा रात्री अंथरूण ओलं करतो का, सकाळी पहिल्यांदा किती लघवी होते, लघवी झाल्यावर सोनोग्राफीत किती शिल्लक राहते, हे मला तुमच्या पत्रात दिसलं नाही. ते शोधा. दिवसा ठरलेल्या वेळी लघवी, थोड्या वेळाने पुन्हा एकदा बसून उरलेली काढणं, झोपण्याआधी पूर्ण रिकामं करणं, इथून सुरुवात होते. काही मुलांना रात्रभर बारीक नळी ठेवून मूत्राशय रिकामं ठेवावं लागतं. ऐकायला कठीण वाटतं, पण योग्य मुलात किडनीवरची सूज त्याने उतरते आणि घरी आई-वडील ते शिकूनही घेतात. बीपीच्या गोळ्या वाढवत बसण्याआधी मुलांच्या मूत्ररोग शल्यविशारदांना एकदा नक्की दाखवा.

घोरणंही विचारात घ्या. तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं, झोपेत श्वास अडकल्यासारखं करणारं मूल असेल तर टॉन्सिल-अडेनॉइड तपासा. श्वास अडकण्याने रात्रीचं बीपी चढतं आणि ते कुठल्याही गोळीने नीट उतरत नाही. स्थूल मुलांत आणि बराच काळ स्टिरॉइडवर असलेल्या नेफ्रॉटिक सिंड्रोमच्या (लघवीतून खूप प्रथिनं जाऊन अंगाला सूज येणाऱ्या आजाराच्या) मुलांत हे अधिक दिसतं.

ज्यांच्या मुलाची किडनी बदलली आहे त्यांनीही हे वाचावं. नवी किडनी मिळाल्यावर शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइड चालू असतात, दोन्ही बीपी वाढवतात, आणि फक्त रात्री वाढलेलं बीपी या मुलांत पुष्कळ आढळतं. डायलिसिसवरच्या मुलांत रात्रीचं बीपी बहुतेक करून अंगात साठलेल्या पाण्याचं असतं. तिथे गोळी वाढवण्याआधी कोरडं वजन, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, पुन्हा ठरवावं लागतं. आणि फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हाताला पट्टा कधीही बांधू द्यायचा नाही.

'गोळी जन्माची लागते' या आजींच्या भीतीबद्दल. बीपीच्या गोळीची सवय लागत नाही. ती थांबवता येईल का हे किडनीवर ठरतं, गोळीवर नाही. किडनीची ताकद निम्मी असताना ती बहुधा बरीच वर्षं लागेल, हे खरंच आहे. न दिल्यास डायलिसिसची वेळ अलीकडे येण्याचा धोका आहे. एस्केपमधले बारा टक्क्यांचे अंतर आजींना याच शब्दांत सांगा: शंभर मुलांमागे बारा मुलांची किडनी त्या पाच वर्षांत टिकली, ती बीपी नीट उतरवल्यामुळे.

हेही माहीत असू द्या की रामिप्रिलने सुरुवातीला निम्म्यावर आलेली लघवीतली प्रथिनं एस्केपमधल्या मुलांत पुढे बीपी नियंत्रणात असूनही हळूहळू पुन्हा वाढली. म्हणून एकदा डोस बसला की वर्षभर निश्चिंत, असं करू नका. लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण दर काही महिन्यांनी, हृदयाचा इको डॉक्टर सांगतील तसा, आणि औषध बदललं की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चोवीस तासांचं मशीन. सतत डोकेदुखीसोबत उलट्या, धूसर दिसणं, अचानक तोंड एका बाजूला वाकणं, झटका येणं, यापैकी काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इस्पितळात जा आणि 'याला किडनीचा आजार आहे, आधी बीपी मोजा' हे दारातच सांगा.

पुढच्या भेटीला जाताना रिपोर्टचं फक्त पहिलं पान नेऊ नका. सगळी रीडिंग असलेली पूर्ण प्रत, झोपेच्या वेळांचा कागद, आजवरच्या क्रिएटिनिनची यादी तारखांसह, आणि तीन दिवस मोजलेल्या लघवीची नोंद बरोबर घ्या. आणि डॉक्टरांना विचारा: याच्या उंचीला चोवीस तासांच्या मीनची मध्यरेषा किती, आणि आपण तिच्यापासून किती दूर आहोत?